बशीभर चहा

वैजनाथ आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती. हळद पिकवणाऱ्याला खोटं बोलून भागत नाही. कंद शिजला की नाही, हे काडी टोचली की सगळ्यांना दिसतं. पण पन्नाशीला टेकलेला हा माणूस, बापाला जाऊन तिसरा दिवस असताना, भरल्या ओसरीत एकच वाक्य खोटं बोलला, आणि त्या एका वाक्यानं एका भल्या बाईच्या पोटावर पाय आणला.

ती बाई म्हणजे प्रियदर्शनी सिस्टर. एवढं मोठं नाव गावाच्या तोंडात बसत नाही, म्हणून शिरड शहापुरात तिला नुसतं सिस्टर म्हणत. दर सोमवारी आणि गुरुवारी तिची स्कूटी गावात शिरायची. मोठ्या दवाखान्यांनी ज्यांना 'आता घरी न्या, सेवा करा' म्हणून परत धाडलंय, अशा माणसांच्या घरी जाणं हेच तिचं काम. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवा करार. असल्या कामाला कुणी नमस्कार घालत नाही. बरा होणारा माणूस डॉक्टरचा आणि मरणारा सिस्टरचा, अशी वाटणी आपल्याकडं केव्हाच होऊन गेलेली आहे.

वैजनाथचा बाप ग्यानबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. अन्ननळीत गाठ. नाकातून नळी घालून त्याला नांदेडहून घरी आणलं, तेव्हा शेतात हळदीची काढणी चालू होती. सिस्टर पहिल्या दिवशी आली ती ओढणी कमरेला खोचूनच. नळीतून पेज कशी सोडायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, सगळं तिनं करून दाखवलं आणि मग वैजनाथला करायला लावलं. पाया पडण्यापलीकडं बापाच्या अंगाला हात न लावलेला माणूस तो. धोतर बदलायची वेळ आली तसा दाराकडं सरकला.

"लाजता काय दादा," सिस्टर म्हणाली, "ह्याच माणसानं तुमचं सगळं काढलंय. तवा लाजला का तो?"

ग्यानबा बोलू शकत नव्हता, पण हसला. वैजनाथही हसला आणि कामाला लागला. त्या दिवसापासून घरात सिस्टरचा शब्द खाली पडत नव्हता. एक सोडून.

"तोंडातून काही द्यायचं न्हाई," तिनं घरातल्या तिघांनाही बसवून सांगितलं होतं. तिघं म्हणजे वैजनाथ, त्याची माय चतुराबाई आणि बापाच्या सेवेला कुरुंद्याहून आलेली बहीण केशरबाई. वैजनाथची बायको वारून पाच वर्षं झाली होती. "गिळायची वाट बंद झालीय. दिलेलं पोटात जात न्हाई, छातीत उतरतं. ठसका लागतो, ताप चढतो, माणूस गुदमरून जातो. पाणी बी न्हाई."

"नळीनं पोट भरतं माय," चतुराबाई म्हणाली, "तोंडाचं काय?"

खरी अडचण तिथंच होती. चाळीस वर्षं ग्यानबाची सकाळ फाट्यावरच्या चाँद पाशाच्या हॉटेलात उजाडत आली होती. आल्याचा चहा, बशीत ओतायचा, फुंकर मारायची, डोळे मिटून सुर्रकन ओढायचा. आता तो खाटेवर पडल्या पडल्या उजव्या हाताची बशी करायचा आणि ओठापाशी न्यायचा. सकाळी करायचा, दुपारी करायचा, माणूस बघायला आलं की त्यालाही करून दाखवायचा. बघणाऱ्याचं काळीज फाटायचं.

सिस्टरनं त्यावरही उपाय सांगितला. पिशवीतून कापसाची गुंडाळी काढली. "चहा गार करा. बोराएवढा बोळा बुडवा, चांगला पिळा, आन ओठाला, जिभेच्या शेंड्याला लावा. चव जिभेला कळते दादा, घोटच लागतो असं न्हाई. या, दाखवते."

आता शेतकऱ्याच्या घरात, दावणीला दोन म्हशी असताना, बापाला कापूस चोखवायचा! वैजनाथच्या मस्तकात तिडीक गेली.

"आमी काय भिकारी हाव का सिस्टर?" तो म्हणाला. "कापूस चोखवून बापाला वाटं लावायला?" आणि सिस्टरचा बोळा बुडवायचा राहिला तसाच, तो वाळत घातलेली हळद बघायला निघून गेला. मायनं कापसाची गुंडाळी कोनाड्यात ठेवली. तिला पुन्हा कुणी हात लावला नाही.

मग तो सोमवार आला. दुपारी बारा-साडेबाराची वेळ. माय आत, केशरबाई गोठ्यात. ग्यानबानं हाताची बशी केली आणि ओठापाशी नेली, पण या वेळी हात खाली आणायचं त्राणही राहिलं नाही. तो तसाच छातीवर पडला, बशी करून. वैजनाथनं ते पाहिलं. उठला, फाट्यावर गेला, थर्मास भरून चहा आणला. चाँद पाशानं विचारलं, "कैसे है ग्यानबा?" तर "बरे हायत" म्हणाला. घरी येऊन बापाचं डोकं मांडीवर घेतलं, बशीत चहा ओतला, स्वतः फुंकर मारली आणि बशी बापाच्या ओठाला लावली.

ग्यानबानं डोळे मिटले. पहिला घोट गेल्यासारखा वाटला. दुसराही. वैजनाथला वाटलं, बघा, काही होत नाही. ह्या शिकलेल्या लोकांचं उगीच असतं. तिसऱ्या घोटाला ठसका लागला. डोळे वर गेले, ओठ काळे पडले, छातीतून भांडं घासल्यासारखा आवाज यायला लागला. वैजनाथनं पाठ चोळली, देवाचं नाव घेतलं, बशी पुसून फडताळात ठेवली. हो, तेवढ्यातही बशी पुसायचं त्याला सुचलं.

तीन वाजता सिस्टर आली. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. तिनं ग्यानबाला कुशीवर घेतलं, बोटाला कापूस गुंडाळून तोंड पुसलं. कापूस तपकिरी निघाला आणि आल्याचा वास सुटला. सिस्टरनं कापसाकडं पाहिलं, वैजनाथकडं पाहिलं, आणि कापूस कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला. कुणी विचारायच्या आत.

हौदावर हात धुताना ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्या हातानं काही झालं न्हाई. दुखणं मोठं होतं. चार दिवस इकडं का तिकडं. मनाला लावून घेऊ नका. आता बाबांजवळ बसा, हात धरा. जायच्या टायमाला माणसाला ऐकू येत असतं."

वैजनाथनं मान हलवली. आभार मानावेत एवढं भानही त्याला राहिलं नाही, कारण सिस्टर तिथून उठली ती चुलीपुढं मायशी बोलत बसली, मग गोठ्यात जाऊन केशरबाईशी. दोघींनी डोळ्याला पदर लावला. वैजनाथनं ते लांबून पाहिलं. सांगितलं वाटतं हिनं! खाई त्याला खवखवे, दुसरं काय. त्या संध्याकाळी त्याला मायकडं बघता आलं नाही, आणि मायनं आपल्याकडं पाहिलं नाही, हेही त्यानं टिपून ठेवलं.

मंगळवारी आणि बुधवारी सिस्टरची पाळी नव्हती, तरी ती आली. बुधवारी दहाच्या सुमाराला श्वास लांबायला लागले, तसं तिनं स्वतःच तिघांना खाटेपाशी बोलावलं. "आता पाणी लावा," म्हणाली, "तुळशीच्या पानावरून, एकेक थेंब. काय बोलायचं ते बोलून घ्या." वैजनाथ नुसता बापाचे पाय दाबत राहिला. सिस्टरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हातारा गेल्यावरच काढला. ग्यानबा शांतपणे गेला. तोंडात तुळस होती, पाणी होतं, सगळं रीतीनं झालं होतं.

हे सगळं माहीत असताना वैजनाथ तिसऱ्या दिवशी बोलला ते असं.

राख सावडून माणसं ओसरीत येऊन टेकली होती. एक म्हातारा सहज म्हणाला, "सोमवारपर्यंत तर बरा व्हता ग्यानबा. ताप काहून आला एकाएकी? काही खाऊ-पिऊ घातलं का तोंडानं?"

सगळ्यांचे डोळे वैजनाथकडं वळले. निदान त्याला तसं वाटलं.

"आमी काय घालताव?" तो म्हणाला. "सिस्टरनं तर पाण्याचा थेंब बी पाजू दिला न्हाई."

बस्स. एवढंच. पण तिथं नरसिंग बसलेला होता. नरसिंग म्हणजे वैजनाथचा चुलतभाऊ. गावात कुणाचंही काही बिनसलं की अर्ज लिहायला पुढं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"म्हणजे आमचा चुलता तहानेनं गेला!" तो ओरडला. "मरत्याला पाणी तोडलं त्या बाईनं! वैजू, हे सोडायचं न्हाई. लिहितो मी."

वैजनाथनं 'नको' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नको म्हणावं तर काहून विचारतील, आणि काहूनला उत्तर एकच होतं. नरसिंगनं मांडीवर कागद घेऊन अर्ज लिहिला. वैजनाथनं सही केली. आत पाठवला तर मायनं अंगठा उठवला, केशरबाईनं नाव लिहिलं. दोघींनी वाचून दाखवा म्हटलं नाही, की एक शब्द विचारला नाही. कागद इतक्या लवकर परत आला, की वैजनाथलाही नवल वाटलं.

आठवड्याच्या आत बातमी आली. सिस्टरला या भागातून काढलं, आखाडा बाळापूरच्या पलीकडं धाडलं. चौकशी आहे, करार पुढं होतो की नाही कुणाला ठाऊक. नरसिंगनं मिशीला पीळ दिला. मग गुरुवारी दुपारी रस्त्यावर स्कूटी वाजली, तसा वैजनाथ खाटेवरून उठून उभा राहिला. दुसऱ्याच कुणाची होती. तो खाली बसला आणि त्याची त्यालाच इतकी लाज वाटली, की घरात कुणी नसताना त्यानं तोंडावर टॉवेल ओढून घेतला.

तेराव्याच्या दिवशी, पंगत बसायच्या आधी, माय ग्यानबाच्या फोटोपुढं चहाची बशी ठेवत होती. आवडीचं ठेवायची रीत. वैजनाथ हार घेऊन मागं आला, ते तिला कळलं नाही.

"घ्या धनी," माय पुटपुटत होती. "आता पोटभर घ्या. त्या दिशी साखरपाण्याचे दोनच चमचे दिले मी. ठसकला तुमी, मंग माझा हातच उचलंना."

वैजनाथच्या हातातला हार खाली आला. "माय, कवा दिलं तू?"

म्हातारी दचकली. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "ऐतवारी. उशीला मुंग्या लागल्या व्हत्या, त्यावरून सिस्टरनं वळखलं. पण बोलली न्हाई कुणापाशी. मला म्हणली, आजी, तुमच्या हातानं काही झालं न्हाई. दुखणं मोठं व्हतं. चार दिवस इकडं का तिकडं."

दाराच्या आड कुणीतरी हुंदका दिला. केशरबाई होती. "मी उसाचा रस दिला, दादा," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी. वाटीभर. मला तर तिनं इचारलं बी न्हाई. गोठ्यात आली, माझ्या तोंडाकडं पाह्यलं, आन हेच म्हणली. शब्दाला शब्द."

कोनाड्यात कापसाची गुंडाळी होती तशी पडून होती. तिघांचं तिकडं लक्ष गेलं आणि तिघांनीही नजर काढून घेतली. तीन माणसांनी तीन चोऱ्या केल्या, सिस्टरनं तिन्ही झाकल्या, आणि तिघांनी मिळून तिच्याच विरुद्ध कागदावर सह्या केल्या. आपल्या माणसावर जीव असणं ही मोठी गोष्ट खरी, पण जीव लावणारी माणसं इतकी भेकड असू शकतात, हे त्या घराला त्या दिवशी कळलं.

वैजनाथ तसाच मांडवात गेला. दोनशे माणूस बसलं होतं, बुंदी पानावर पडत होती. तो मधोमध उभा राहिला.

"सिस्टरनं आबाला तहानेनं मारलं न्हाई," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला. "तोंडातून देऊ नका म्हणली व्हती. मी चोरून बशीभर चहा पाजला. त्यानं ठसका लागला, त्यानं ताप आला. वसरीत मी खोटं बोललो."

हात पानावरच थांबले. शेवटच्या ओळीतून एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं तेवढं वरण मागितलं.

नरसिंग धावत आला आणि दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं. "येडा झाला का बे? बापाला मारलं म्हणतील लोकं! झालं गेलं, कशाला उकरून राहिला?"

"म्हणू दे. तू कागद काढ. त्या दिशी जसा लिहिला तसा आज बी लिही."

नरसिंगनं कागद काही काढला नाही. शेवटी केशरबाईनं वहीचं पान फाडून आपल्या अक्षरात लिहिलं. अंगठा उठवायची वेळ आली, तशी या वेळी माय म्हणाली, "आधी वाचून दाखव." केशरबाईनं वाचलं. साखरपाणी, रस, चहा, सगळं.

मदीनाबी नावाची चाँद पाशाची मावसबहीण बाळापूरच्या पलीकडं एका गावात अशीच अंथरुणाला खिळली होती, आणि सिस्टर तिच्याकडं जाते, हे चाँद पाशाकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ मोटारसायकल घेऊन निघाला. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा जुळवलं आणि चारी वेळा विसरला.

सिस्टर अंगणात स्कूटीपाशीच होती. त्याला पाहून ती हसली नाही. पण म्हणाली, "आजींची बीपीची गोळी चालू हाय ना?"

हे मात्र त्याला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं कागद पुढं केला आणि पायाकडं वाकला. ती मागं सरली.

"पाया पडू नका." तिनं कागद वाचला. वेळ घेऊन वाचला. "राग आला होता मला, खोटं कशाला बोलू? चहा पाजला त्याचा न्हाई. तो तर सगळेच पाजतात. त्या अर्जावर तुमच्या तिघांच्या सह्या पाहिल्या, आन घरी जाऊन रडले."

"तुमी चौकशीत सांगायचं व्हतं. कापूस व्हता तुमच्यापाशी."

"कापूस मी त्याच दिवशी जाळला. दुःखाच्या घरात आणखी काय पेटवायचं?" तिनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "हे मी वर देते. पुढं काय व्हायचं ते होईल. माफी मागायलाच आला असाल, तर ती माझ्या पाया पडून मागू नका. आत चला."

आत खाटेवर मदीनाबी होती. नाकात तशीच नळी, ओठ तसेच कोरडे. उशाशी तिचा मुलगा मुजफ्फर बसला होता, चाळिशीचा. सिस्टरला पाहून त्यानं घाईनं काहीतरी रांजणामागं सरकवलं. वैजनाथनं ते पाहिलं. सिस्टरनंही पाहिलं असणार.

"ह्यांना मी दोनदा सांगितलं," ती वैजनाथला म्हणाली. "माझं ऐकून घेतात, पण पटत न्हाई. तुमचं पटेल."

मग ती दाराशी जाऊन उभी राहिली. वैजनाथला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. आपल्या मांडवात बोलणं निराळं, तिथं सगळे आपलेच; इथं परक्या घरात, परक्या माणसापुढं, स्वतःच्या तोंडानं! त्यानं टोपी काढली आणि मुजफ्फरच्या समोर जमिनीवर बसला.

"मी शिरड शहापूरचा," तो म्हणाला. "वैजनाथ. माझ्या बापाला बी अशीच नळी व्हती. मी चोरून चहा पाजला. ते दोन दिवस छातीतून वाजत राहिले, भाऊ. तो आवाज अजून माझ्या कानात हाय."

मुजफ्फरनं आईकडं पाहिलं. "अम्मी रोज मागते," तो म्हणाला. "किती तकलीफ होते बघायला, तुमाला काय सांगू." मग त्यानं रांजणामागून गुलाबाच्या सरबताचा पेला काढला आणि मधे ठेवला. भरलेलाच होता. अजून पाजला नव्हता.

सिस्टरनं पिशवीतून कापूस काढून त्याच्या हातात दिला. त्यानं बोळा केला, सरबतात बुडवला, आणि तसाच निथळता उचलला.

"पिळा," वैजनाथ म्हणाला. "चांगला पिळा."

मुजफ्फरनं बोळा पिळला आणि आईच्या ओठावरून फिरवला. काही झालं नाही. मग मदीनाबीच्या जिभेचा शेंडा हळूच बाहेर आला, खालच्या ओठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि आत गेला. तिनं डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सुटल्या. ठसका नाही, खोकला नाही. थोड्या वेळानं जीभ पुन्हा बाहेर आली, आणखी मागायला.

वैजनाथनं हे कधी पाहिलं नव्हतं. सिस्टर दाखवत होती, तेव्हा तो हळद बघायला गेला होता.

"एवढंच लागत व्हतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच," सिस्टर म्हणाली.

त्यानं टोपी तोंडावर धरली आणि त्या परक्या घरात, बापाच्या सरणापुढंही रडला नव्हता तसा रडला.